ढोलकी खाली ठेवलीस ती कुणाला विचारून?

बस. ओट्यावर नको, आत ये, आणि तो मोबाईल पालथा ठेव. चहा नंतर. आधी ऐकायचं.

काल उपासनेला तुझी आई आली होती. एकटी, बाजारतळापासून चालत, एक चप्पल हातात, कारण तिचा बंद तुटला होता. अकरा महिने ती अशीच येते. पुढच्या बाकाच्या टोकाला तुझी ढोलकी अजून आहे, तिच्यावर जुन्या लुगड्याचं फडकं टाकलेलं. गाणं सुरू झालं की आईचा हात आपसूक त्या फडक्यावर जातो आणि दोन बोटं ताल धरू लागतात. चुकतो तो ताल, कधीच बरोबर नव्हता. मी मागून बघते आणि मला तुझा इतका राग येतो की पुढचं कडवं तोंडातून निघत नाही.

तिला काय म्हणालास? "आपण धाकट्यासाठी रोज प्रार्थना करायचो, मग ती उसाची ट्रॉली नेमकी त्याच रात्री रस्त्यात का उभी होती?" मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि पोरगं मोटरसायकलवर. प्रश्न खोटा नाही. त्या ट्रॉलीवाल्याला विचार, आणि देवालाही विचार, खडसावून विचार. पण तू विचारतोस कुठे? स्टँडसमोरच्या टपरीवर, चार रिकामटेकड्यांसमोर! ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या दारात जायचं सोडून?

वर डाळिंबावर तेल्या आला, बाग उपटावी लागली, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. सगळं माहीत आहे मला. म्हणून अकरा महिने गप्प बसले. आता बसणार नाही.

दुसरीत होतास तेव्हापासून तुला संडे स्कूलला शिकवलंय मी. देवाशी करार करायचा, असं मी कधी शिकवलं? इतक्या प्रार्थना, इतका दशांश, आणि बदल्यात घरातली सगळी माणसं शाबूत? कुठे लिहिलंय, दाखव. नवस बोलायचा आणि फळला नाही तर देव बदलायचा, हे आपल्या वर्गात नव्हतं.

दफनविधीच्या दिवशी एकाने तुझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं ना, विश्वास कमी पडला म्हणून? त्याचं नाव घेत नाही. त्याची हजेरी मी वेगळी घेतली आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर शहाणे होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. पण एका मूर्खाच्या बोलण्यावर तू सगळी मंडळी सोडलीस, म्हणजे तुझाही हिशेब कच्चाच.

स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढ. आता नको, घरी. शेवटपर्यंत उजाडत नाही त्यात, अंधारातच संपतं. कुणी ते पान फाडून टाकलं का? शतकानुशतकं लोक ते उपासनेत म्हणत आले. आणि थोमा? पहिल्या संध्याकाळी तो नव्हताच तिथे. बाकीच्यांनी सांगितलं, तर चक्क म्हणाला, मी नाही मानत. तरी आठ दिवसांनी त्याच लोकांत, त्याच बंद दारांआड बसलेला होता की नाही? विश्वास नव्हता, पण माणूस हजर होता. तुला मी दुसरं काय मागतेय?

आठवीत तुम्हाला चौफुल्यावरून केडगावला नेलं होतं. मुक्ती मिशनच्या आवारात मी पंडिता रमाबाईंचं सांगत होते आणि तुझं सगळं लक्ष डब्यातल्या बटाटेवड्यांवर. म्हणून पुन्हा सांगते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात तिचे आईवडील नि थोरली बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला, तेव्हा पोरगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३चा, इंग्लंडात. म्हणजे सुख मिळालं म्हणून ही बाई ख्रिस्ताकडे आली नाही, हे आधी डोक्यात घे.

आणि आल्यावर तरी? ज्यांनी बाप्तिस्म्यापर्यंत आणलं त्यांच्याशीच ती पत्रांतून धर्मतत्त्वांवर भांडली. मान तुकवली नाही, पण उठूनही गेली नाही. १८९३मध्ये पुण्यात तिच्या शारदा सदन शाळेवर गदारोळ झाला, रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा ही मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आली. भुकेने माणसं कशी मरतात ते घरातच पाहिलेलं होतं ना!

आता पुढचं नीट ऐक. मनोरमा आईचा उजवा हात होती. सगळं तिच्या हाती सोपवायचं ठरलेलं. २४ जुलै १९२१ला तीच गेली. म्हातारी आई मागे. त्या वेळी रमाबाईंच्या हातात काय होतं? बायबलचं मराठी भाषांतर. हिब्रू नि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत चाललेलं, आवारातल्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवायचे. ते काम तिने खाली ठेवलं नाही. पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ला डोळे मिटले. लेकीला जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते. पुस्तक बाहेर आलं १९२४मध्ये.

रमाबाई हो, असं म्हणत नाही मी. तेवढा वकूब ना तुझा, ना माझा. तिने हातातलं काम खाली ठेवलं नाही, एवढंच बघ. आणि तुझ्या हातात काय होतं रे? एक ढोलकी.

लक्ष्मीबाई टिळकांचंही सांगितलं असतं. यजमान टिळक १९१९मध्ये गेले, त्यांचं अपुरं राहिलेलं काव्य ‘ख्रिस्तायन’ शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने पुरं केलं. पण तुझी चुळबुळ सुरू झाली आहे, म्हणून सोडते.

माझं मात्र ऐकून घे, हे कुणाला बोलले नाहीये. आमचे हे गेले त्यानंतर वर्षभर मी एकही गीत म्हटलं नाही. उभी राहायची, उपासना संगीत उघडून धरायची आणि ओठ मिटून ठेवायची. प्रभुभोजनाचा पेला हातात आला की मनात शिव्या यायच्या. पाळकसाहेबांना दिसत होतं, शहाणा माणूस, काही बोलले नाहीत. तुम्हा पोरांना वाटायचं बाईंचा घसा बसलाय. पण रविवार एकही चुकवला नाही. तो राग घेऊन मी दुसरीकडे कुठे जाणार होते?

रडतोस? रड. इथे कुणी बघत नाही. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला होता.

रविवारी साडेनऊ. आईला गाडीवर मागे बसवून आणायचं, चालवायचं नाही, आणि जाता जाता मोच्याकडून तिची चप्पल शिवून घे. ओठ मिटून बसलास तरी चालेल. ढोलकी मात्र शनिवारीच काढ. पावसाळाभर पडून पुडी सैल झाली असणार. शेगडीवर धरशील तर बघ! कोवळ्या उन्हात ठेवायची, मग एकेक कडी सरकवायची.

ऊठ. चहात साखर किती?