शुद्ध हरपते तेव्हा कोण पडतं?

ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेवर एक छोटंसं सूत्र आहे. त्यावर भाष्य लिहिताना शंकराचार्य पडलेल्या माणसाकडे एखाद्या वैद्याच्या नजरेनं पाहतात. त्याचा श्वास कधी कधी बराच वेळ अडकलेला असतो, अंग थरथरत असतं, चेहरा भेसूर झालेला असतो, डोळे विस्फारलेले असतात. झोपलेला माणूस असा दिसत नाही. त्याचा चेहरा शांत असतो, श्वास एका लयीत चालू असतो आणि हातानं हलवलं की तो उठतो. याला मुद्गरानं मारलं तरी जाग येत नाही. हा जागा नाही, स्वप्नात नाही, गाढ झोपेतही नाही. अंगात ऊब आहे, म्हणजे मेलेलाही नाही. मग तो आहे कुठे? आचार्य म्हणतात, अर्ध्या वाटेवर.

ही अवस्था लोकांना आणि आयुर्वेदाला ठाऊक आहे, असंही ते नोंदवतात. इथे ते अपस्माराचं नाव घेत नाहीत. पण ज्यानं घरात कुणाला फीट आलेली पाहिली आहे, त्याला हे वर्णन वाचताना ओळख पटल्याशिवाय राहत नाही. तशा घरात हा प्रश्न ग्रंथातला राहत नाही. आत्ता जमिनीवर पडलेला हा माणूस आपला मुलगाच आहे ना? आणि तो असेल, तर मघाशी हाका मारत होतो तेव्हा ओ देणारा कुठे गेला होता?

या प्रश्नाचा एक तुकडा विज्ञानानं मोजून पाहिला आहे. अपस्माराच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत मेंदूची घडण कशी बदललेली असते, याचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटानं १४ देशांतल्या २४ केंद्रांमधले एमआरआय एकत्र केले. त्यात २,१४९ जण अपस्मार असलेले होते आणि १,७२७ निरोगी. रुग्णांचे आजार एकसारखे नव्हते. काहींचे झटके कानशिलाच्या आतल्या भागातून सुरू होणारे, काहींचे दोन्ही बाजूंचा मेंदू एकदम व्यापणारे. तरीही साऱ्यांना एकत्र घेतलं, तेव्हा दोन गोष्टी समान निघाल्या. मेंदूच्या गाभ्यात संदेशांची वाटणी करणारा थॅलॅमस उजव्या बाजूला सरासरीनं लहान होता, आणि शरीराच्या हालचालींचा ताबा असलेली बाह्यपटलाची पट्टी दोन्हीकडे थोडी पातळ होती.

यातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. अपस्माराच्या एका मोठ्या गटात नेहमीच्या तपासणीत एमआरआय अगदी स्वच्छ येतो. त्याही गटात हे सूक्ष्म फरक सापडले. ते इतके बारीक आहेत की डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली तरी डोळ्यांना दिसणार नाहीत. शेकडो मेंदूंची मापं शेजारी ठेवल्यावरच ते उमटतात.

आपल्याकडच्या घरांमध्ये याला फार अर्थ आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य खरं तर दिलासा देणारं. पण अनेकदा त्याचाच अर्थ लावला जातो की डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणजे हे बाहेरचं आहे. मग गोळ्या मागे पडतात आणि देवऋषी, अंगारा, उतारा सुरू होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला बुडवलेलं पाणी पाजणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं. त्या यादीतली वाक्यं वाचताना कळतं की असं कुणाच्या तरी वाट्याला आलेलं होतं. हा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला.

भुताला मेंदूनं दिलेलं उत्तर आजचं नाही. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रीक लेखकानं याच आजारावर पुस्तक लिहिलं. लोक त्याला ‘पवित्र रोग’ म्हणत. लेखकाचं म्हणणं असं की यात इतर रोगांहून अधिक दैवी काही नाही, याचं मूळ मेंदूत आहे, आणि मांत्रिकांनी आपलं अज्ञान झाकायला देवाचं नाव पुढे केलं आहे. पुरावा म्हणून तो हाच रोग झालेल्या बोकडाचं डोकं उघडून पाहायला सांगतो. आत मेंदू पाण्यानं भरलेला दिसेल, म्हणजे शरीर बिघडवणारा देव नसून रोग आहे हे कळेल. चरकसंहितेनंही अपस्माराचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार मानून त्याला चिकित्सेच्या कक्षेत आणलं. नावातच त्याचं लक्षण आहे: स्मृती निघून जाणं.

पण भूत गेल्यावर त्या जागी आणखी एक भीती येऊन बसते. मेंदूचा थर पातळ, तर माणूसही उणा का?

कायद्यानं काही काळ तसं मानलं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वारंवार येणारे वेडाचे आणि अपस्माराचे झटके एकाच वाक्यात, विवाहाला अपात्र ठरवणाऱ्या अटींमध्ये घातले. १९९९ मध्ये अपस्मार हा शब्द तिथून वगळला गेला. मधली तेवीस वर्षं लग्न ठरवताना किती घरांनी गोळ्यांची पाकिटं लपवली असतील, याचा हिशेब कुठेच नाही. शब्द गेला तरी समज गेला नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला एका घटस्फोटाच्या खटल्यात पुन्हा सांगावं लागलं की अपस्मार हा असाध्य रोगही नाही आणि मनोविकारही नाही.

‘एनिग्मा’चे आकडे या भीतीला आधार देत नाहीत. ते सरासरीचे आकडे आहेत. त्यांवरून एका विशिष्ट माणसाची बुद्धी, स्वभाव किंवा संसार करण्याची पात्रता काढता येत नाही. फरक झटक्यांमुळे झाला, की फरकामुळे झटके आले, हेही एकदाच काढलेल्या चित्रावरून ठरत नाही. आजार जितका जुना, तितके काही भाग अधिक पातळ, एवढं मात्र दिसलं.

इथे तत्त्वज्ञानाचा जुना वाद पुन्हा उभा राहतो. चार्वाकांच्या मते धान्य आंबलं की त्यात मादकता येते, तसं महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. घटक बिघडले की चैतन्यही बिघडणार. गीतेच्या तेराव्या अध्यायानं शरीराला क्षेत्र म्हटलं आणि त्याला जाणणारा क्षेत्रज्ञ वेगळा मानला. ज्ञानेश्वरांनी या अध्यायावर विस्तारानं लिहिलं आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रिया करणारे मॉन्ट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड याच फाट्यावर येऊन थांबले होते. रुग्ण जागा असताना ते त्याच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करत. कुणाला जुनं गाणं ऐकू येई, कुणाचा हात उचलला जाई. आणि रुग्ण सांगत की हात मी नाही हलवला, तुम्ही हलवलात. हे ‘मी नाही’ म्हणणारा कोण, हा विचार पेनफिल्डना सोडून गेला नाही. १९७५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी कौल दिला की मनाचा उलगडा केवळ मेंदूनं होत नाही. पुढच्या बहुतेक मेंदूशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही.

एमआरआय हा वाद सोडवू शकत नाही, कारण त्यात दिसतं ते सगळं क्षेत्रच आहे. शेताचा बांध ढासळला हे मोजता येतं. शेतकरी आहे की नाही, हे त्या मापातून कळत नाही. मात्र चार्वाकाची बाजू घेतली तरी पडलेल्या माणसाला हिणवण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही, आणि वेदान्ताची बाजू घेतली तरी त्याच्या गोळ्या बंद करण्याचा अधिकार मिळत नाही. पूर्वजन्मीचं पाप, घराण्याचा शाप, आईनं ग्रहणात काही कापलं असेल, अशी कारणं त्या घरातल्या बाईच्याच पदरात टाकली जातात. ती क्रूर आहेत आणि खोटी आहेत. दोन्ही दर्शनांना मानणाऱ्यांनी हे मोठ्यानं सांगायला हवं.

जगात सुमारे ५ कोटी लोक अपस्मारासह जगतात. नीट उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पुढच्या वेळी एसटी स्टँडवर किंवा लोकलच्या फलाटावर कुणी असं कोसळलं, तर कांदा आणि चप्पल हुंगवायला धावू नका. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा. झटका थांबला की त्याला कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करा. आणि तो डोळे उघडेपर्यंत गर्दी पांगवून जवळ बसून राहा. अर्ध्या वाटेवरून तो परत येतो तेव्हा आपण कुठे आहोत हे त्याला लगेच कळत नाही. ते हळू आवाजात सांगणारं कुणीतरी तिथे असू द्या.