मोजमाप कुणाच्या हाती?

साखर तपासली की घरातून प्रश्न येतो, 'किती आली?' परीक्षेचे गुण विचारावेत तसा. वाढलेल्या आकड्यावर बोलणी बसू लागली की माणूस मोजायचेच टाळतो. मोजण्याला लाज चिकटली की ग्लुकोमीटर कपाटात जातो आणि आजार मोकाट सुटतो.

पूर्वी साखर तपासायला बेनेडिक्टचे द्रावण होते. नळीत निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर जितकी जास्त, तितका रंग पुढे सरके: निळ्याचा हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. ती 50 वर घसरली, घाम फुटला, हात कापू लागले, तरी नळी निळीच. धोका अंगात असायचा आणि नळी सांगायची, सारे ठीक आहे.

1969 साली रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकी इंजिनिअरने रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. लहानपणापासून ते मधुमेही. यंत्र रुग्णाला विकत नसत. पत्नी डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर मागवले. घरी दिवसातून अनेकदा मोजत त्यांनी आपली साखर ताळ्यावर आणली. ज्याचा आजार, मोजमाप त्याच्या हाती: खरा बदल इथे झाला.

आता दंडावर सेन्सर असतो. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून रक्ताच्या काही मिनिटे मागे चालतो. त्याच्या आकड्याशेजारी साखर कुठे चालली ते दाखवणारा बाण असतो; आकड्याइतकाच तोही वाचावा. 110 आणि आडवा बाण म्हणजे निवांतपणा. 110 आणि खाली वळलेला बाण म्हणजे, इन्सुलिन घेणाऱ्याने सावध व्हावे.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी चांगली आली म्हणून प्रत्येक रात्र चांगली गेली असे नव्हे. सरासरीत चढ आणि उतार एकमेकांना झाकतात.

आकडा माणसाची लायकी सांगत नाही. पुढे काय करायचे, ते सांगतो.

पण मोजायला पैसे लागतात. ग्लुकोमीटर एकदाच घ्यावा लागतो, रक्ताचा थेंब टिपणारी पट्टी दर वेळी नवी. म्हणून हात आखडतो तो पट्टीपाशी. 1923 साली इन्सुलिनच्या शोधकांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी 1 डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांचे, ही त्यांची धारणा. तोच न्याय पट्टीला आणि सेन्सरला लावायला हवा. मोजणे परवडले नाही, तर इन्सुलिन अंदाजाने टोचावे लागते. आणि इन्सुलिनचा अंदाज चुकला, तर जिवावर बेतते.