असता तर तुला दिला असता का?

बंद पडलेला सबवूफर आणि गप्प बसलेला सबवूफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात. पॉवर्ड सबवूफर म्हणजे ज्याच्या पोटातच स्वतःचा अँप्लिफायर असतो असा खोका. सिनेमातले स्फोट, ढोल, बेस गिटार असला सगळा खर्ज तो वाजवतो. त्यातून आवाज येत नसेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यायचा नसतो. रिसीव्हरच्या मेनूत पुढचे स्पीकर 'लार्ज' म्हणून नोंदवलेले असतील तर गाण्यातला खर्ज बहुधा त्यांच्याकडेच जातो, सबवूफरपर्यंत काही पोचतच नाही. पाठीमागचं बटण 'ऑटो'वर असेल तर ठरावीक ताकदीचा सिग्नल आल्याशिवाय तो जागा होत नाही. रात्री घरचे झोपलेत म्हणून तुम्ही हळू आवाजात सिनेमा लावलात, तर तोही झोपून राहतो. केबल आतून तुटलेली असू शकते. हे सगळं तपासून झालं की मग फ्यूज, पॉवर सप्लाय, अँप्लिफायर आणि शेवटी ड्रायव्हर, म्हणजे तो मोठा कोन. कारणं सातआठ, लक्षण एकच.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे काही बिघडलं तर निदान लाल अक्षरांत एक एरर तरी येते. काहीच न बोलणारा बग सगळ्यात वाईट, कारण शांततेवरून कारण ओळखता येत नाही. गेल्या वर्षी घेतलेल्या एका सेकंडहँड सबवूफरमुळे मी हे वाक्य यंत्रांपेक्षा माणसांबद्दलच जास्त वापरायला लागलोय.

तो मी एका अॅपवर जाहिरात बघून घेतला. दहा इंची, सात हजार रुपये. विकणारा माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठा, पिंपळे सौदागरला राहणारा, कुटुंबासह परदेशी निघालेला. घरात सगळीकडे खोके. रिसीव्हर कालच पॅक झाला म्हणाला, नाहीतर वाजवून दाखवला असता. प्लग लावला, दिवा लागला. वहिनींनी चहा दिला. कुठला तू, कुठल्या कॉलेजचा, अशा गप्पा झाल्या. मराठी मुलगा आहेस म्हणून पाचशे कमी केले, असंही तो म्हणाला. निघताना मी विचारलं, "काही प्रॉब्लेम नाही ना दादा?" तो हसला आणि म्हणाला, "अरे, असता तर तुला दिला असता का?"

माणूस मला बरा वाटला होता. अजूनही वाटतो. म्हणूनच हा लेख.

घरी आल्यावर सबवूफर वाजला नाही. शोध घ्यायची पद्धत आमच्या धंद्यातलीच: साखळी मधोमध तोडायची आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. आधी रिसीव्हर बाजूला काढला आणि फोनमधून थेट सिग्नल दिला. शांत. केबल बदलली. शांत. मग एक जुनी युक्ती: सबवूफरचा आवाज अगदी कमी ठेवायचा, केबल त्याच्या बाजूने लावून ठेवायची आणि दुसऱ्या टोकाच्या मधल्या पिनेला बोट लावायचं. आपलं अंग अँटेनासारखं आसपासच्या विजेची गुणगुण पकडतं. आतलं सगळं धड असेल तर कोन 'हूं' करतो. माझा काही बोलला नाही. म्हणजे दोष खोक्यातच. प्लग काढला, बराच वेळ जाऊ दिला आणि मगच मागची प्लेट उघडली. (हे वाचून कोणी स्क्रूड्रायव्हर उचलणार असेल तर: आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही झटका देण्याइतका चार्ज उरतो. खात्री नसेल तर उघडू नका.) ड्रायव्हरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला तर साडेतीन ओहम, म्हणजे कॉइल जळलेली नाही. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून क्षणभर टेकवला आणि कोनाने 'ठप्' असा आवाज देत उडी मारली. त्या आवाजाने झालेला आनंद मला प्रमोशनच्या मेलने झाला नव्हता.

म्हणजे दोष अँप्लिफायरच्या बोर्डात. बोर्डाकडे टॉर्च मारून बघितलं तेव्हा दिसलं की एक कपॅसिटर बाकीच्यांच्या रंगाचा नव्हता, आणि त्याच्या पायांशी सोल्डरिंगचा तपकिरी चिकट डाग होता. माझ्याआधी इथे कुणीतरी येऊन गेलं होतं.

बोर्ड घेऊन मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी एका नजरेत सांगितलं. हे यंत्र वर्षानुवर्षं प्लगमध्येच राहतं, त्यामुळे स्टँडबाय पुरवणारा भाग सतत गरम असतो आणि त्यातला कपॅसिटर वाळतो. पूर्वी कुणीतरी तो बदलला, पण १०५ अंशांचा काढून ८५ अंशांचा बसवला, म्हणून तोही गेला. मी विचारलं, "कोणी बदलला असेल?" काका म्हणाले, "ते कपॅसिटर थोडाच सांगतो?" साडेआठशे रुपये घेतले. सबवूफर वाजू लागला.

यंत्राचा प्रश्न इथे संपला. दादाचा नाही.

त्या डागावरून तीन गोष्टी संभवतात. दादाला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. किंवा दुरुस्ती आधीच्या मालकाने केली आणि दादाला खरंच माहीत नव्हतं. किंवा, आणि माझ्या मते जगात हीच जात सगळ्यात मोठी आहे, मधेमधे तो चालू व्हायला वेळ घेतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण विकायचाच आहे तर कशाला खोलात शिरा, असं म्हणून त्याने माहीत करून घ्यायचं टाळलं. पहिल्याला आपण लबाड म्हणतो, दुसऱ्याला निर्दोष. तिसऱ्यासाठी आपल्याकडे धड शब्दही नाही, कारण बहुतेकदा आपण स्वतःच तिथे उभे असतो.

विकणाऱ्याने न बोलणं हा गुन्हा आहे का, हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट येते: ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे. ते सांगून भाव पाडून घ्यावा की गप्प बसून चढ्या भावात विकावं? बॅबिलॉनचा डायोजेनीस म्हणतो की गप्प राहणं वेगळं आणि लपवणं वेगळं. देवांचं स्वरूप काय हेही मी तुला सांगत नाहीये, आणि ते तर गव्हाच्या भावापेक्षा किती उपयोगाचं! (हा माणूस आज असता तर कंपन्यांच्या 'अटी व शर्ती' लिहीत असता.) त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो की नाही, सगळं सांगायला हवं, माणसामाणसांत नातं आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने जातो. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक न बोललेली गोष्ट म्हणजे लपवणं नव्हे, पण समोरच्याला जे कळण्यात त्याचं हित आहे ते तू स्वतःच्या फायद्यासाठी त्याला कळू देत नाहीस, तेव्हा ते लपवणंच.

आपला कायदा मात्र बराचसा डायोजेनीसच्या बाजूचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं १७ वं कलम फसवणुकीबद्दल आहे, आणि त्याखाली एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. लिलावात कुणी आजारी घोडा विकला, त्याला ते माहीत होतं, तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर बोलणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला की तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच.

ही उदाहरणं वाचल्यावर मला माझा प्रश्न नीट दिसला. घोडा तोच, आजार तोच, शांतताही तीच. फरक पडतो तो नात्याने.

पुण्याच्या जुन्या बाजारात पथारीवर मांडलेला पंखा मी घेतो तेव्हा तो विकणारा काही सांगणार नाही हे मला माहीत असतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत असतं. भाव त्याच हिशेबाने ठरतो. तिथल्या शांततेत मला काही खोटं वाटत नाही. पण दादाच्या घरी मी लिलावात नव्हतो. चहा होता, वहिनी होत्या, 'मराठी मुलगा आहेस म्हणून' होतं. या सगळ्याने माझा संशय कमी झाला, आणि संशय कमी झाल्याने भाव टिकला. नात्याची भाषा वापरून ज्याने विश्वास घेतला, त्याच्यावर नात्याचं कर्ज चढतं, असं मला वाटतं. सौदा होईपर्यंत घरचा माणूस आणि सौद्यानंतर बाजारातला अनोळखी, अशा दोन्ही जागा एकाच वेळी अडवून ठेवता येत नाहीत. तिसऱ्या जातीच्या विक्रेत्यालाही हेच लागू. मुलीला घोडा देताना कुठला बाप 'मी नीट बघितलंच नव्हतं' म्हणून सुटेल?

आणि ते वाक्य. 'असता तर तुला दिला असता का?' मराठीत अशी वाक्यं भरपूर आहेत: मी कशाला खोटं बोलू, तू काय परका आहेस का. व्याकरणाने ते प्रश्न आहेत, त्यामुळे ते खोटे ठरू शकत नाहीत. पण त्यांचं काम उत्तराचं असतं, आणि पुन्हा विचारायची सोयही ती काढून घेतात. पुन्हा विचारलं तर अपमान होतो.

मी त्याला मेसेज केला. पैसे मागितले नाहीत, एवढंच विचारलं की हा आधी कधी उघडला होता का. दोन निळ्या टिका आल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं: "बहुतेक आधीच्याने केलं असेल रे. आता चालतोय ना?" सोबत अंगठा. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तिन्ही शक्यतांना ते सारखंच बसतं.

या मार्चमध्ये माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये बाळ आलं. खर्ज भिंती जुमानत नाही, म्हणून सबवूफर विकायला काढला. जाहिरातीत सगळं लिहिलं: कपॅसिटर दोनदा बदललाय, का बदलला, केव्हा बदलला, साडेचार हजार. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलेल्या लेखासाठी त्याला पुढे, २००१ मध्ये, अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यालाच वाईटाचा भाव देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो, असा त्याचा मुद्दा. माझ्या जाहिरातीने त्यात भर घातली. गप्प बसलेल्या जाहिराती धड वाटतात आणि बोलणारी आजारी. "म्हणजे खराब आहे का?" असं चौघांनी विचारलं. तसलाच दुसरा एक, जाहिरातीत फक्त 'गुड कंडिशन' लिहिलेला, साडेसहा हजारांना होता. दोन दिवसांत ती जाहिरात उतरली.

शेवटी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. मी रिसीव्हर जोडूनच ठेवला होता. त्याने स्वतःच्या फोनवरून तीनचार गाणी वाजवली, कान लावला, समाधान झालं. चहा विचारला तर नको म्हणाला. मग पैसे पाठवायच्या आधी थांबून त्याने विचारलं, "दादा, अजून काही आहे का?"

मी सांगितलं की खूप खालच्या सुरांवर पुढची जाळी किंचित थरथरते, फेविक्विकने भागेल. त्याने जाळी हलवून बघितली आणि तीनशे रुपये कमी केले.