निवड कोणाची?

हायस्कुलाची शेवटची परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघरी पुढचा विचार सुरू होतो. परंतु मूल आंधळे, बहिरे किंवा पांगळे असले, तर तो विचार बहुधा त्याला वगळूनच होतो. आईबाप म्हणतात, "आम्ही आहो तोवर त्याला काय कमी?" हे प्रेम खरे, पण आपल्यामागे काय, याचे उत्तर त्यात नाही.

कायद्याने काही दारे उघडली आहेत. सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे, ज्यांचे अपंगत्व निदान ४० टक्के असल्याचा दाखला आहे, त्यांच्यासाठी सरकारी व अनुदानित कॉलेजांत निदान ५ टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात, आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. यास्तव तो दाखला वेळीच काढून ठेवावा.

परंतु कोणत्या दाराने जावे, हे कोणी ठरवावे? त्याच कायद्याचे १४ वे कलम विचार करण्याजोगे आहे. पुरेसे साह्य देऊनही ज्या प्रौढ मनुष्यास कायद्याने बंधनकारक निर्णय घेता येत नाहीत, त्याच्याही पालकाने परस्पर विश्वासाने व त्याच्या इच्छेस अनुसरून, दोघांनी मिळून निर्णय घ्यावा, असे ते सांगते. मग जिला केवळ दिसत नाही, त्या मुलीला न विचारता तिचे आयुष्य ठरविणे हा कोणता न्याय?

तिची निवड चुकेल, असे कोणी म्हणेल. चुकेलही, पण डोळस भावंडांची चुकत नाही काय? त्यांस जी मोकळीक, ती तिलाही असावी. आधी तिला विचारा, आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबा.