जुने आणि चांगले

आईच्या पश्चात नगरचे घर आवरताना दोन वस्तू हाती आल्या: पितळी मुठींचा, मोराच्या नक्षीचा अडकित्ता आणि एक साधा तांब्या. अडकित्ता मी जपून ठेवला. तांब्या मोडीत, वजनावर दिला. ती निवड अजून बोचते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे नाना नमुने आहेत. काहींत आकृती पात्यांच्या हालचालीशी एकजीव झालेली दिसते. आमचा मोर मात्र तळहातात रुतत असे. आई सुपारी कातरायची ती शेजारणीच्या बिनमोराच्या अडकित्त्याने! तांब्याची घडण निराळी. गळा बोटांत सामावणारा. बूड जड, म्हणून कलंडत नसे. काठ बाहेर वळलेला, म्हणून धार नेमकी पडे. घडवणाऱ्याने वापरणारीचा हात ओळखला होता.

मग जुन्या वस्तूस वाईट म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे काय? आहे, असे मला वाटते. परंतु आपली नजर स्वच्छ हवी. नगरच्या फराहबागेत निआमतखानाने महाल बांधला. त्याच्या वैऱ्यांनी कान भरले, मुर्तजा निजामशहाला महाल नापसंत पडला आणि तो पाडण्याचा हुकूम सुटला, असे १८८४ चे गॅझेटिअर सांगते. पुढे सलाबतखानाने १५८३ मध्ये पुरी केलेली वास्तू आज भग्नावस्थेत उभी आहे. पहिला महाल खरोखर सदोष होता की नाही, हे आता कोण पडताळणार?

माझा तांब्याही केव्हाच वितळला असेल. मोर कपाटात आहे. पाहुणे त्याची वाखाणणी करतात. मी गप्प राहतो.