मॅक्लव्हिनचं सोंग

मिसरूड धड फुटलेलं नसतं, पण वडिलांचं रेझर हातात येतं. आवाज फुटलेला असतो, म्हणून फोनवर मुद्दाम घोगरं बोललं जातं. वयात येणाऱ्या मुलांना मोठं होण्यापेक्षा मोठं दिसण्याची घाई जास्त असते.

२००७ साली आलेल्या 'सुपरबॅड' या हॉलिवूडपटाने या घाईची यथेच्छ खिल्ली उडवली आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेले तीन बुजरे मित्र. पार्टीसाठी दारू आणली तर मुली आपल्याकडे बघतील, अशी त्यांची भाबडी समजूत. पण अमेरिकेत २१ वर्षांखाली दारू मिळत नाही. मग फोगेल नावाचा काडीपैलवान, चष्मिस पोरगा हवाईचं खोटं ओळखपत्र बनवून आणतो. वय २५ आणि नाव नुसतंच 'मॅक्लव्हिन', आडनावाचा पत्ताच नाही! मित्र कपाळाला हात लावतात.

दुकानात पैसे देतानाच एक चोर त्याला ठोसा लगावून गल्ला पळवतो. दोन पोलीस येतात, आता हा पकडला जाणार असं वाटतं. पण ते त्याला मॅक्लव्हिन म्हणून गाडीत बसवतात आणि रात्रभर बरोबर हिंडवतात. हळूहळू पोराची चालच बदलते. मग कळतं, की त्याचं वय २५ नाही हे त्यांनी पहिल्यापासूनच ओळखलं होतं. तरीही शेवटी पार्टीतल्या पोरांसमोर त्याची ऐट राहावी म्हणून ते एखाद्या अट्टल गुन्हेगाराला पकडल्याचं नाटक करत त्याला बाहेर नेतात.

हे पोलीस काही आदर्श नव्हेत. ड्युटीवर बिअर ढोसतात, स्वतःचीच गाडी पेटवून देतात. चित्रपटाची भाषाही भलतीच शिवराळ आहे. पण मुद्द्याची गोष्ट त्यांनी केली. पोराचं सोंग ओळखूनही त्याला आपल्यात घेतलं. त्या ओळखपत्राने ते फसले नव्हते. पोराला बळ आलं ते या सोबतीने.

सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या व्हँकूव्हरच्या दोन मित्रांनी ही कथा शाळकरी वयातच लिहायला घेतली आणि फोगेलच्या दोन मित्रांना आपलीच नावं दिली. चित्रपट होईपर्यंत रोगनचं वय उलटून गेलं होतं. शाळकरी सेथऐवजी त्याने काम केलं ते त्या दोघांतल्या एका पोलिसाचं!

आपल्यालाही कधीतरी अशीच पोराची भूमिका सोडून त्या पोलिसाची घ्यावी लागते. घरातल्या पोराची ऐट खोटी आहे हे कळलं, तरी चारचौघांत त्याचं पितळ उघडं पाडू नका. आज त्याला एकट्याला बँकेत पाठवा, पाहुण्यांशी बोलू द्या. अडखळला तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तो करील.