साठीनंतरची वर्षे कुणाची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आश्विन वद्य तृतीया जवळ आली की आपल्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, "यंदा बाळेकुंद्रीला सेवेला कोण कोण?" तरुण मुलं नावं देतातच. पण यादी नीट वाचली तर साठी ओलांडलेली बरीच नावं त्यात दिसतात. निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब, पोस्टातले अण्णा आणि त्यांच्या बरोबरीनं त्यांच्या घरच्या. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर अशा ठिकाणांहून ही जोडपी पिशवीत दोन लुगडी-धोतरं आणि गोळ्यांचा डबा घेऊन येतात. या वेळचं चिंतन या मंडळींसाठी, म्हणजे आपल्याचसाठी.

घरातून निघताना आपल्यापैकी पुष्कळांना ऐकावं लागतं, "ह्या वयात कशाला गं ही दगदग? बसून जप करायचं सोडून भांडी कसली घासताय?" बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण त्याहून अवघड प्रश्न आपला आपल्यालाच पडतो, तोही दुपारच्या वेळी. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, कुणाची परदेशात. घर मोठं, माणसं दोन. फोन येतो तो रविवारी. मग वाटतं, आता आपला उपयोग कुणाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला श्रीपंतमहाराजांच्या चरित्राकडे पाहू या.

महाराजांचा जन्म 1855 सालचा, दड्डी या आजोळच्या गावी. नाव दत्तात्रेय, आडनाव कुलकर्णी. त्यांनी रान धरलं नाही, भगवी वस्त्रं घेतली नाहीत. बेळगावात लंडन मिशनच्या शाळेत ते शिक्षक होते. दत्तभक्त गुरू आणि नोकरी ख्रिस्ती मिशनच्या शाळेत, याचं त्यांना अवघड वाटलं नाही. समोर बसलेलं मूल कुणाचं का असेना, त्याला मन लावून शिकवायचं. घरी धाकट्या भावंडांची जबाबदारी होती, येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचा राबता होता, आणि त्या सगळ्यांना जेवू-खाऊ घालणाऱ्या यमुनाक्का होत्या. आपण त्यांना मान देतो तो महाराजांच्या पत्नी म्हणून तर देतोच, पण ज्या घरात परमार्थ फुलला त्या घराची चूल त्यांनी पेटती ठेवली म्हणूनही देतो.

आता एक साधा हिशेब करू. महाराजांनी 16 ऑक्टोबर 1905 रोजी देह ठेवला. वय किती? अवघं पन्नास! त्यांना साठी मिळाली नाही, पंचाहत्तरी मिळाली नाही. नातवंडं खेळवत निवांत बसण्याचा काळ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. 'रिटायर झाल्यावर करू' असं म्हणत ते थांबले असते, तर आज बाळेकुंद्रीच्या आमराईत आपण कुणासमोर माथा टेकला असता?

आणि आपल्याला साठ मिळाली, कुणाला सत्तर, कुणाला ऐंशी. गुरूंना न मिळालेली ही वर्षं आपल्या हाती आली आहेत. ती आपण कमावलेली नाहीत. एखाद्यानं विश्वासानं आपल्याकडे ठेव ठेवावी तशी ती आहेत. ठेव सांभाळायची असते, आणि मालक मागेल तेव्हा व्याजासकट परत द्यायची असते. ते व्याज म्हणजे सेवा.

मोठी सेवा कुठली आणि छोटी कुठली, हा घोळ मात्र मनातून काढायला हवा. एका उत्सवात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक काका चपलांच्या जागी सेवेला बसले होते. पहिला तासभर ओळखीचं कुणी बघत नाही ना, म्हणून इकडं-तिकडं पाहत होते. संध्याकाळी पाहिलं तर एका आज्जीच्या चपलेचा चिखल पुसून, चपला तिच्या पायाशी सरळ करून ठेवत होते. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "खुर्ची गेल्यापासून धड झोप लागत न्हवती. काल लागली." आम्हाला त्यावर काही बोलायला सुचलं नाही. अहंकार सोडा असं शंभर प्रवचनांत ऐकलेलं त्यांना चपलांच्या ढिगाशी बसून कळलं होतं.

सेवा उत्सवापुरतीही नसते. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. जन्मभर विड्या वळलेल्या कितीतरी आज्ज्या आज गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीनवर ठसा उमटत नाही. सरकारी अर्ज कन्नडमध्ये, आणि आज्जीला येते मराठी, तीही बोलण्यापुरती. अशा वेळी कन्नड वाचता येणारे आपले एखादे निवृत्त गुरुबंधू शेजारी बसून अर्ज भरून देतात, पुन्हा पुन्हा खेटे घालतात, आणि चार महिन्यांनी आज्जीच्या खात्यात पैसे जमा होतात. ही पूजाच झाली की नाही? भाषेवरून आपल्या भागात किती कडवटपणा झाला ते आपण जाणतो. पण बाळेकुंद्रीच्या पंगतीत मराठी आणि कन्नड एकाच ओळीत जेवतात, आणि वाढणारा कुणालाच भाषा विचारत नाही. तीच पंगत गावात आणायचं काम आपल्या पिढीला सहज जमण्यासारखं आहे, कारण आपल्याला दोन्हीकडचं बोलणं येतं.

बायकांसाठी आता एक सोयही झालीय. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या सरकारी बसला आपल्याला तिकीट लागत नाही. ह्यांना लागतं! तेव्हा आठवड्यातून एकदा आजारी गुरुभगिनीला भेटून यायला पैशाची सबब उरलेली नाही. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवावं.

दोन गोष्टी जपायच्या. पहिली, सेवेच्या जुनेपणाचा तोरा नको. 'आम्ही वीस वर्षं करतोय' असं नव्या मुलीला ऐकवलं, की वीस वर्षं एका वाक्यात वाया जातात. तिच्या हातात पळी द्यावी आणि आपण बाजूला बसून भाजी निवडावी. दुसरी, घर उपाशी ठेवून मठात अन्नदान नको. सुनेला ताप असताना आपण सेवेला धावलो, तर महाराज आपल्याला घरीच शोधत असतील. आणि काकांनीही घरचा चहाचा कप विसळला, तर ती सेवा मोजली जाते बरं का!

ज्यांना गुडघे साथ देत नाहीत, जे अंथरुणाला आहेत, त्यांनी मन लहान करू नये. वाती वळता येतात. एका एकट्या माणसाला रोज एक फोन करता येतो. तेही होत नसेल, तर जी मुलगी आपली उशी सरळ करते तिच्याकडे बघून हसावं. दुसऱ्याची सेवा आनंदानं घेणं, कुरकुर न करता घेणं, हीसुद्धा तिला दिलेली सेवाच.

या आठवड्यात प्रत्येक जोडप्यानं एक संकल्प करू या. दोघांनी मिळून एक काम ठरवायचं, जे कुणाला सांगायचं नाही आणि ज्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. रोज अर्धा तास पुरे. रात्री दिवा लावताना महाराजांना तेवढं सांगायचं, 'आजचा दिवस तुमचा होता, तुमच्या कामी आला.'

गुरुमाऊली आपल्या हातापायांत बळ ठेवो, आणि बळ सरलं तरी मनातला ओलावा ठेवो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!